माफी, सूट आणि तहकुबी : सवलतीच्या शब्दांचा अभ्यास

शासनाचा आदेश निघतो, वर्तमानपत्रात त्याची बातमी येते, आणि चावडीवर किंवा पंचायतीच्या पायरीवर एकच वाक्य ऐकू येते : ‘सरकारने माफ केले.’ मूळ आदेशात मात्र ‘माफ’ हा शब्द असतोच असे नाही. तेथे ‘सूट’ असते, ‘तहकुबी’ असते, ‘स्थगिती’ असते, किंवा ‘नियम शिथिल करण्यात येत आहे’ एवढेच म्हटलेले असते. बोलताना आपण या सर्व शब्दांना एकाच मापाने मोजतो. हिशेबाच्या वहीत त्यांची मापे वेगवेगळी असतात. ज्याला देणे पुढे ढकलून मिळाले आहे तो ते फिटले असे समजून स्वस्थ बसला, तर एक-दोन वर्षांनी थकबाकीची नोटीस त्याच्या दारात येते. त्या वेळी दोष कोणाचा, हा वाद निष्फळ ठरतो. म्हणून नियमातून वा देण्यातून मोकळीक देणाऱ्या मराठी शब्दांचा अर्थ नेमका काय, हे शेतकरी, शिक्षक आणि कार्यालयात आदेश लिहिणारे कर्मचारी या सर्वांनी एकदा नीट समजून घेणे हिताचे आहे.

एका आदेशातील आठ सवलती

अभ्यासासाठी एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या वेळी लागू करण्यात आलेल्या सवलती पुढीलप्रमाणे होत्या : (१) जमीन महसुलात सूट, (२) सहकारी कर्जाचे पुनर्गठन, (३) शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती, (४) कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट. (५) शालेय व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी. (६) रोजगार हमी योजनेच्या कामांच्या निकषांत काही प्रमाणात शिथिलता. (७) आवश्यक तेथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकर. (८) टंचाईग्रस्त गावांत शेतीपंपांची वीजजोडणी खंडित न करणे.

या आठांपैकी सातवी बाब प्रत्यक्ष मदतीची आहे. उरलेल्या सातांत कोणते ना कोणते बंधन सैल केलेले आहे; परंतु त्यासाठी एकच शब्द सर्वत्र वापरलेला नाही. कोठे सूट, कोठे माफी, कोठे स्थगिती, कोठे शिथिलता. हा केवळ भाषेचा डौल नव्हे. प्रत्येक शब्दामागे वेगळा परिणाम आहे. चौथ्या बाबीतील ‘चालू’ हे लहानसे विशेषणही पाहण्याजोगे आहे. सूट चालू बिलापुरती आहे. मागील थकबाकीला ती लागू नाही. आदेश वाचताना अशा विशेषणांवर बोट ठेवून वाचावे.

‘सवलत’ हा शब्द या सर्वांचे कुलनाम आहे. अरबीतील ‘सहूलत’ म्हणजे सोय, सुलभता. त्यावरून तो मराठीत आला. एखाद्या गोष्टीचे ओझे हलके केले, एवढाच बोध त्यातून होतो. ओझे उतरले, निम्मे झाले की उद्यावर गेले, हे त्या शब्दातून कळत नाही. त्यामुळे ‘सवलत मिळाली’ असे ऐकल्यावर ‘कोणती?’ हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

सूट आणि माफी

‘सूट’ हा शब्द ‘सुटणे’ या क्रियापदाच्या कुळातला. एकूण रकमेतून जेवढा भाग सुटला तेवढी सूट. ती टक्क्यांत असते, रुपयांत असते, कधी वर्षांतही असते. केंद्र शासनाच्या सरळसेवा भरतीत अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांना कमाल वयोमर्यादेत ५ वर्षांची आणि इतर मागासवर्गीयांना ३ वर्षांची सूट मिळते. येथे वयाची अट कायम आहे. तिची रेषा मात्र पुढे सरकली आहे. सूट म्हटली की ‘किती?’ हा प्रश्न तिच्यासोबत येतो. सूट पूर्णही असू शकते, परंतु तसे असल्यास आदेशात ‘पूर्ण सूट’ असे स्पष्ट लिहिलेले असावे.

‘माफी’ अरबीतील ‘मुआफ’ या शब्दावरून आली. मराठीत तिचे दोन अर्थ रूढ आहेत. एक अपराधाची क्षमा. दुसरा देण्यातून मोकळीक. पहिल्या अर्थाने माणूस माफी मागतो. दुसऱ्या अर्थाने फी, सारा किंवा कर्ज माफ होते. दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहत असल्यामुळे घोटाळा होतो. ज्या विद्यार्थ्याची फी माफ झाली त्याने कोणताही गुन्हा केलेला नसतो. नियमाप्रमाणे त्याला मिळणारा तो लाभ आहे. शिक्षकांनी वर्गात अशा विद्यार्थ्यांची नावे वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा. माफी मिळालेले मूल उपकाराखाली दबलेले नसते.

कर्जाच्या बाबतीत हे नाजूकपण अधिक जाणवते. महाराष्ट्रात २०१९ साली जाहीर झालेल्या योजनेचे नाव ‘महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना’ असे ठेवण्यात आले. लोकांच्या तोंडी ‘कर्जमाफी’ असली, तरी नावात ‘मुक्ती’ आहे. माफीत एक देणारा आणि एक मागणारा दिसतो. मुक्तीत केवळ सुटलेला माणूस दिसतो.

त्यापूर्वी २००८ साली केंद्र शासनाने आणलेल्या योजनेच्या नावातच कर्जमाफी आणि कर्जसवलत असे दोन निरनिराळे शब्द होते, आणि त्यांचे अर्थही निरनिराळे होते. अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे २ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना, पात्र थकीत रकमेची संपूर्ण माफी होती. इतर शेतकऱ्यांना पात्र रकमेपैकी ७५ टक्के भरल्यावर २५ टक्क्यांची सवलत होती. काही अवर्षणप्रवण व तत्सम जिल्ह्यांत ती २५ टक्के किंवा २०,००० रुपये, यांपैकी अधिक असेल तेवढी होती. पहिल्या गटातील पात्र शेतकऱ्याला त्या रकमेपैकी काही भरावयाचे नव्हते. दुसऱ्याला आधी भरावयाचे होते. ज्याने योजनेचे अर्धेच नाव ऐकले, त्याने अर्धाच अर्थ घेतला.

तहकुबी : आज नको, उद्या

तहकुबी हा आपल्या महसुली भाषेतला जुना शब्द. सभा तहकूब होते, तेव्हा ती रद्द होत नाही; पुढे केव्हातरी भरते. सारा तहकूब होतो, तेव्हाही तसेच. देणे कायम राहते, वसुली थांबते. ‘स्थगिती’ हा त्याचाच संस्कृत वळणाचा भाऊ.

या एका शब्दावर आपल्या देशात एक मोठा लढा झालेला आहे. १९१७ साली गुजरातमधील खेडा जिल्ह्यात अतिवृष्टीने पिके बुडाली. मुंबई इलाख्याच्या महसूल नियमांप्रमाणे पीक चार आणे किंवा त्याहून कमी उतरले, तर त्या वर्षाच्या साऱ्याची पूर्ण तहकुबी मागण्याचा शेतकऱ्यांना हक्क होता. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, चार आणे म्हणजे त्याचा चौथा हिस्सा. ही झाली आणेवारी. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांहून कमी आहे; अधिकारी म्हणत, अधिक आहे. मार्च १९१८ मध्ये महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली नडियाद येथून सत्याग्रह सुरू झाला. वल्लभभाई पटेल आपली वकिली बाजूला ठेवून त्यात उतरले.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, शेतकऱ्यांनी सारा कायमचा माफ करा असे म्हटले नव्हते. त्यांची मागणी तहकुबीची होती. शासनाने जिल्हाभर उरलेली वसुली तहकूब केली, तर आमच्यापैकी जे भरू शकतात ते आपण होऊन भरतील, अशी त्यांची प्रतिज्ञाच होती. जून १९१८ मध्ये, सधन शेतकऱ्यांनी सारा भरल्यास गरिबांना तहकुबी द्यावी, या तोडीवर लढा थांबला. मागणी मर्यादित होती, शब्द नेमका होता, आणि तो नियमात आधीच लिहिलेला होता. आपला हक्क कोणत्या शब्दात नोंदवलेला आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याला तो मागता येतो.

अलीकडचे उदाहरण २०२० सालचे. कोरोनाच्या साथीत रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातील कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा कर्जदारांना देण्यास बँकांना परवानगी दिली. अनेकांनी ती सहा महिन्यांची माफी समजून घेतली. वस्तुतः ती स्थगिती होती; शिल्लक रकमेवर व्याज चढतच होते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, संपूर्ण व्याज माफ करता येणार नाही. मात्र त्या काळातील व्याजावर व्याज आकारता येणार नाही. म्हणजे तहकुबीचा अर्थ तहकुबीच राहिला. तिचा जाच तेवढा कमी झाला.

पुनर्गठन हा तहकुबीच्या पुढचा टप्पा. त्यात थकलेल्या रकमेची नवी मुदत व नवे हप्ते बांधून दिले जातात. कर्ज बुडत नाही, त्याचे वेळापत्रक बदलते.

याच्या जवळपास वावरणारा आणखी एक शब्द ‘निर्लेखन’. बँक वसूल न होणारे कर्ज आपल्या ताळेबंदातून काढून टाकते, त्याला निर्लेखन म्हणतात. ही बँकेच्या वहीतली व्यवस्था आहे. कर्जदाराचे देणे त्यामुळे संपत नाही आणि वसुलीचा अधिकारही राहतो. ‘बँकेने कर्ज निर्लेखित केले’ ही बातमी वाचून कोणी ‘माफ झाले’ असे सांगू लागला, तर त्याला हा फरक समजावून द्यावा.

दंडाची क्षमा, मुद्दलाची नव्हे

‘अभय’ हा जुना, भारदस्त शब्द. उजाड गावात पुन्हा वस्ती व्हावी म्हणून मराठेशाहीत रयतेला कौल दिला जाई. त्यात पहिल्या वर्षी थोडा सारा, मग दरसाल चढता, अशी ‘इस्ताव्या’ची पद्धत असे. रयतेला धीर देणे हा त्याचा हेतू. आजच्या ‘अभय योजना’ त्याच भावनेचे नाव धारण करतात. पण त्यांत सहसा मूळ रक्कम भरावी लागते आणि दंड किंवा व्याज यांत सूट मिळते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये मुद्रांक शुल्कासाठी अशी योजना जाहीर झाली होती. कोणत्याही अभय योजनेची शेवटची तारीख हा तिचा कणा असतो. ती उलटली की अभयही संपते.

न्यायाच्या क्षेत्रातही हेच शब्द भेटतात. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ७२ अन्वये राष्ट्रपतींना आणि अनुच्छेद १६१ अन्वये राज्यपालांना शिक्षेबाबत दया दाखविण्याचे अधिकार आहेत. क्षमा मिळाली तर दोष व शिक्षा दोन्ही पुसले जातात. सूट मिळाली तर शिक्षेची मुदत घटते, दोष राहतो. तहकुबी मिळाली तर शिक्षेची अंमलबजावणी तेवढ्यापुरती थांबते. शिक्षा सौम्य केली तर तिचा प्रकार बदलतो. साऱ्याच्या तहकुबीचा अर्थ ज्याला कळला, त्याला शिक्षेच्या तहकुबीचा अर्थही कळतो.

उशीर झाला तर

‘विलंब क्षमापित करणे’ हा कार्यालयीन शब्दप्रयोग ग्रामीण वाचकास अवघड वाटतो. त्याचा अर्थ मात्र साधा आहे. मुदत उलटून गेल्यावर आलेला अर्ज, उशिराचे कारण पटल्यामुळे, वेळेत आल्यासारखा धरणे. १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे अपील किंवा अर्ज मुदतीत करता न येण्यास पुरेसे कारण होते असे न्यायालयाची खात्री पटल्यास ते दाखल करून घेता येते. दाव्याला ही सोय नाही. माहितीच्या अधिकारातील पहिले अपील ३० दिवसांत करावयाचे असते. तेथेही पुरेशा कारणासाठी नंतरचे अपील स्वीकारता येते.

विलंब क्षमापित झाला म्हणजे प्रकरण जिंकले असे नव्हे. बंद झालेले दार उघडले, इतकेच. आत जाऊन आपले म्हणणे मांडावयाचे राहतेच.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात तर उशिराच्या पायऱ्याच लावून दिल्या आहेत. २१ दिवसांत माहिती द्यावी. त्यानंतर, पण ३० दिवसांच्या आत, विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवस उलटल्यावर एक वर्षाच्या आत विहित अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीने हे काम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आले. उशिराला कायद्याने वाट ठेवली आहे. मात्र दिवस जातील तशी ती चढाची होत जाते. शाळेत प्रवेशाच्या वेळी मुलाचा जन्मदाखला नसलेला पालक भेटला, तर शिक्षकांनी त्याला या पायऱ्या समजावून सांगाव्यात.

मुक्त, मुभा, शिथिल

‘मुक्त’ आणि ‘माफ’ यांत एक सूक्ष्म भेद आहे. माफ होण्यासाठी आधी देणे लागू व्हावे लागते. मुक्त असलेल्याला ते लागूच होत नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीकडून शुल्क घेऊ नये असे म्हटले आहे. ही अधिकाऱ्याची मेहेरबानी नसून कायद्याची तरतूद आहे. अशा अर्जदाराने ‘शुल्क माफ करण्याची कृपा करावी’ असे लिहिण्याचे कारण नाही. दारिद्र्यरेषेखालील असल्याचा पुरावा जोडून ‘मी शुल्कमुक्त आहे’ असे लिहावे.

‘मुभा’ अरबीतील ‘मुबाह’ म्हणजे अनुमत, या शब्दावरून आलेली. करावे की न करावे हे ज्याच्या त्याच्यावर सोडले, तर ती मुभा. ‘शिथिलता’ ही नियमाची असते. व्यक्तीच्या देण्याची नसते. नियम ढिला केला तरी तो राहतो, आणि तो ढिला करण्याचा अधिकार कोणाला आहे हे नियमातच लिहिलेले असते.

परीक्षेला बसणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याला लेखनिक आणि वाढीव वेळ मिळतो. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र उमेदवारांसाठी तो तासाला किमान २० मिनिटे आहे. बोलण्यात याला आपण सवलत म्हणतो, पण ज्ञानाच्या कसोटीत येथे काहीच सोडलेले नसते. प्रश्नपत्रिका तीच, तपासणी तीच. ही समान संधीची सोय आहे, आणि शाळेने ती त्याच भावनेने द्यावी.

गय आणि कानाडोळा

गावच्या व्यवहारात आणखी काही शब्द आहेत : गय करणे, ढील देणे, चालवून घेणे, कानाडोळा करणे. हे माणसामाणसांतले शब्द आहेत. त्यांत माया असते, कधी भीडही असते. कागद मात्र नसतो. ‘साहेबांनी चालवून घेतले’ यावरून कोणताही हक्क निर्माण होत नाही. साहेबांची बदली झाली की ती ढीलही त्यांच्यासोबत जाते. म्हणून मिळालेली मोकळीक लेखी आहे की तोंडी, हे पाहून घ्यावे. अधिकाऱ्यांनीही जी सवलत नियमात बसते ती लेखी आदेशाने द्यावी. नियमात बसणारी गोष्ट कानाडोळ्याने दिली, तर घेणाऱ्याचा हक्क उपकारात बदलतो.

शेजारच्या भाषांत

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी वाचकाला हे शब्द शेजारच्या भाषेत निराळ्या वेशात भेटतात. वडोदऱ्याकडे गुजरातीत तहकुबीच्या जागी ‘मुलतवी’ आढळते. तेथेच सयाजीराव गायकवाडांच्या प्रेरणेने १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा अनेक भाषांतील शासकीय शब्दांचा कोश सिद्ध झाला. राज्यकारभारात नेमक्या शब्दाची निकड किती, याची ती साक्ष आहे. बेळगावच्या बाजूस कानडीत कर्जमाफीला ‘साल मन्ना’ म्हणतात. मराठी कानाला त्यात ‘मनाई’ ऐकू येते. अर्थ मात्र कर्ज सोडून देण्याचा आहे. ग्वाल्हेरकडे ‘माफी’ म्हणजे मंदिरांसारख्या संस्थांना सारामुक्त दिलेली जमीन, असाही एक अर्थ कागदपत्रांत सापडतो. आपल्या गोमंतकात कोकणीत माफीबरोबर ‘भोगसणें’ हा गोड शब्द आहे. परंतु तो क्षमेचा शब्द आहे, साऱ्याचा वा शुल्काचा नव्हे. म्हणून दुसऱ्या राज्याचा आदेश वाचताना ओळखीच्या ध्वनीवर विसंबू नये.

आदेश वाचताना आणि लिहिताना

सवलतीचा कोणताही कागद हाती आला की त्याला पुढील पाच प्रश्न विचारावेत.

१. काय सुटले? मुद्दल, व्याज, दंड की केवळ मुदत?
२. किती सुटले? पूर्ण, काही टक्के, की ठरावीक रकमेपर्यंत?
३. कोठपर्यंत? कायमचे, की अमुक तारखेपर्यंत?
४. कोणाला? सर्वांना, की अट पूर्ण करणाऱ्यांना?
५. कोणी दिले? त्यास तसा अधिकार आहे काय, आणि ते लेखी आहे काय?

आदेश लिहिणाऱ्यानेही हेच पाच प्रश्न समोर ठेवावेत. ‘शेतकऱ्यांना सवलत देण्यात येत आहे’ हे वाक्य शुद्ध आहे, पण अपुरे आहे. ‘या गावातील चालू वर्षाच्या साऱ्याची वसुली पुढील हंगामापर्यंत तहकूब करण्यात येत आहे, सारा माफ झालेला नाही’ हे वाक्य कानाला तितकेसे गोड लागणार नाही, पण ते वाचणारा फसणार नाही. ग्रामसभेत आदेश वाचून दाखविताना हे शेवटचे अर्धे वाक्य आवर्जून मोठ्याने वाचावे.

स्वाध्याय

शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून पुढील वाक्ये पूर्ण करून घ्यावीत. कंसातील योग्य शब्द निवडावा व निवडीचे कारण एका वाक्यात लिहावे.

१. पीक बुडाल्याने या वर्षी सारा घेणार नाहीत, पण पुढील वर्षी भरावा लागेल. म्हणजे साऱ्याची (माफी / तहकुबी) झाली.
२. बिल १,००० रुपयांचे होते, ६६५ रुपये भरले, आणि पावती पूर्ण मिळाली. म्हणजे (सूट / स्थगिती) मिळाली.
३. अपील आठ दिवस उशिरा आले, कारण पटले, ते दाखल झाले. म्हणजे विलंब (माफीत गेला / क्षमापित झाला). निकाल (लागला / अद्याप लागावयाचा आहे).
४. थकीत शुल्क पूर्ण भरले, त्यावरील दंड सोडून दिला. म्हणजे (शुल्क / दंड) माफ झाला.

ही वाक्ये मुलांनी घरी नेऊन वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावीत. घरात एखादा आदेश, बँकेची सूचना किंवा वीजबिल आले असेल, तर त्यातील सवलतीचा शब्द शोधून त्याला वरील पाच प्रश्न विचारावेत. ज्या घरात एक जण तरी हा शब्द नीट वाचू शकतो, त्या घराला माफी आणि तहकुबी यांच्यातील अंतर नोटीस येण्यापूर्वीच कळते.